पाण्याची ओटी चाचणी पिवळी आली, तरी बाळाचे जुलाब थांबेनात : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : लहान मुलांच्या जुलाबात क्रिप्टोस्पोरिडियम या सूक्ष्म परजीवीची तपासणी व त्याचा जनुकीय प्रकार ओळखण्याची सोय करण्याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

सातारा जिल्ह्यात गेली २२ वर्षे मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून काम करते. मागच्या पावसाळ्यात दीड वर्षाच्या एका मुलीचा शौचाचा नमुना आला. ११ दिवस जुलाब, डोळे खोल गेलेले, आजीच्या खांद्यावर मान टाकून निपचित पडलेली. साध्या तपासणीत काही सापडले नव्हते. मला राहवेना. टीबीच्या बेडक्याला देतो तोच रंग गरम न करता काचपट्टीवर दिला आणि सौम्य आम्लाने धुतला. निळ्या पार्श्वभूमीवर लालसर गुलाबी गोल ठिपके दिसले, तांबड्या रक्तपेशीहूनही लहान. क्रिप्टोस्पोरिडियम.

त्या गावाने पाण्याची हयगय केली नव्हती. जलसुरक्षक रोज टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर, टाकत होता, पाण्यात क्लोरीन उरले आहे हे दाखवणारी ओटीची नळी पिवळी होत होती, ग्रामपंचायतीकडे पाण्याचा धोका कमी असल्याचे हिरवे कार्ड होते. पण या परजीवीचे कवच फार चिवट असते. पोहण्याच्या तलावातल्या नेहमीच्या क्लोरीनमध्येही तो आठवडाभर तग धरतो. उकळत्या पाण्यात मात्र मिनिटभरात मरतो. आपली सगळी भिस्त टीसीएलवर, आणि हा त्यालाच दाद देत नाही.

मग तो आला कुठून? सरपंच म्हणाले, वरच्या अंगाला गोठे आहेत, शेण ओढ्यात उतरते. ग्रामसेवकांचा संशय पाइपलाइनला खेटून जाणाऱ्या गटारावर. सूक्ष्मदर्शक यांचा निवाडा करू शकत नाही, कारण माणसामाणसांत फिरणारी होमिनिस जात आणि वासरांकडूनही येणारी पार्व्हम जात काचपट्टीवर अगदी सारख्या दिसतात. त्यासाठी जनुकच वाचावे लागते. जीपी-६० नावाच्या जनुकावरून जातीच्या आतली घराणीसुद्धा कळतात. उत्तर पार्व्हम आले आणि घराणे वासरांतले निघाले, तर पशुसंवर्धन खात्याला बोलवायचे. होमिनिस आले, तर गटार आणि पाइपलाइन उकरायची. उत्तरच नसेल तर दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि पुढच्या पावसाळ्यात मुले पुन्हा आजारी पडतात.

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९९३ साली नळाच्या पाण्यातून सुमारे ४ लाख ३ हजार लोकांना याच परजीवीचे जुलाब झाले. पाणी गाळलेले होते, क्लोरीन दिलेले होते. संशय आधी गुरांच्या शेणावर गेला. पुढे काही रुग्णांच्या जपून ठेवलेल्या नमुन्यांचे जनुक तपासले, तेव्हा तो माणसांतला प्रकार निघाला. इंग्लंडमध्ये नॉर्दम्प्टनशायर भागात २००८ साली जनुकांनी सशाकडे बोट दाखवले. शुद्ध केलेल्या पाण्याच्या टाकीत खरोखरच मेलेला ससा सापडला होता.

आपल्याकडे हा आजार विरळा आहे, असे कृपया कोणी सांगू नये. आफ्रिका आणि आशियातल्या ७ देशांत झालेला मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला, त्यात आपले कोलकाता होते. एका वर्षाच्या आतल्या बाळांच्या मध्यम ते तीव्र जुलाबाच्या कारणांत क्रिप्टोस्पोरिडियम रोटाव्हायरसच्या खालोखाल होता. रोटाव्हायरसची लस आपण आता देतो. याच्यावर लस नाही, आणि आपल्याकडे तर त्याला शोधतही नाहीत.

आमची मागणी मोठी नाही. दोन वर्षांखालच्या मुलाचे जुलाब आठवड्यापलीकडे लांबले, की ही रंगतपासणी सक्तीची करावी. रंग आणि आम्ल टीबीच्या कपाटात आहेतच. नमुना सापडला की तो जिल्ह्याहून एका ठरलेल्या केंद्राकडे जनुकतपासणीसाठी जावा. कोविडच्या वेळी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत पीसीआर यंत्रे आली आणि ती चालवणारी मुले तयार झाली. त्यांना हे काम जड जाणार नाही.

आणखी एक, दिसायला क्षुल्लक. नमुना फॉर्मलिनमध्ये ठेवला की सूक्ष्मदर्शकाखाली छान दिसतो, पण त्यातला डीएनए खराब होतो. तो फ्रीजमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये ठेवावा, एवढे एक परिपत्रक आपण काढलेत तरी पुष्कळ होईल. त्या मुलीचा नमुना मी सवयीने फॉर्मलिनमध्ये टाकला होता. मुलगी वाचली, पण गोठा की गटार, हे त्या बाटलीतून आता खात्रीने कळायचे नाही.

पुढचा पावसाळा यायच्या आत हे परिपत्रक निघावे, ही कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सातारा जिल्हा