मा. क्रीडामंत्र्यांस खुले पत्र: सभा उठते, मैदान तसेच राहते

प्रति,
मा. मंत्री, क्रीडा व युवक कल्याण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: खानदेशातील मैदानांवरच्या राजकीय सभा, निवडणुकीच्या तोंडावरचे चषक आणि फुटबॉलचा बुडणारा हंगाम

महोदय,

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत फुटबॉल शिकवणारे, सामन्यांत शिट्टी वाजवणारे आणि मैदानाला पाणी घालणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. राजकारण्यांनी फुटबॉलपासून लांब राहावे, असे आम्ही म्हणत नाही. मैदान सरकारी, निधी सरकारी, तालुका क्रीडा संकुल समितीचे अध्यक्ष स्थानिक आमदार. लांब राहून चालणार कसे? आमचे गाऱ्हाणे वेगळे आहे. आमच्याकडे फुटबॉलचा हंगाम निवडणुकीच्या तारखा ठरवतात. त्यात पोरांची वर्षे जातात.

२०२४ चेच बघा. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. नंदुरबार, जळगाव आणि रावेरला १३ मे रोजी मतदान झाले, धुळ्याला २० मे रोजी, निकाल ४ जूनला. तोवर पाऊस दाराशी. पावसाळा सरला की हरळी तरारते, माती वाफशावर येते (ना चिखल, ना कोरडी), उकाडा उतरतो; खानदेशात फुटबॉलला ऑक्टोबर-नोव्हेंबरसारखे दिवस नाहीत. नेमकी १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि २० नोव्हेंबरला मतदान झाले. पुढच्या वर्षी डिसेंबरात नगरपालिका, मग २०२६ च्या जानेवारीत महापालिका. ज्या गावात सभेची आणि खेळाची जागा एकच, तिथे सरावाला काय उरले असेल ते आपणच मोजा.

आता सभेने मैदानाचे नेमके काय होते ते सांगतो, कारण ‘दोन दिवसांत पूर्ववत करून देऊ’ हे वाक्य फार सहज बोलले जाते.

आमची जमीन बहुतांशी काळी. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यावर सभेआधी पाण्याचे टँकर फिरतात, धूळ बसावी म्हणून. त्याच ओल्या मातीवर मग मांडवाचे ट्रक येतात. चाकोऱ्या उमटतात आणि चार दिवसांच्या उन्हात त्या विटेसारख्या कडक होतात. मांडवाच्या खांबांसाठी आणि मेखांसाठी दीड-दोन फूट खोल खड्डे घेतले जातात. सभा उठली की त्यांत मुरूम, विटांचा चुरा, हाताला लागेल ते भरतात. पहिल्या पावसात भोवतालची माती फुगते आणि भरलेला भाग एक तर खचतो, नाही तर टणक उंचवटा होऊन बसतो. पळणाऱ्या मुलाचा घोटा तिथेच मुरगळतो. खिळे, तारांचे तुकडे, केबल बांधायच्या पट्ट्या हरळीत दडून राहतात. हेलिपॅडसाठी टाकलेला मुरूम तर कोणी उचलतच नाही. त्यावर पडलेला चेंडू दुप्पट उसळतो आणि घसरणाऱ्याचे गुडघे सोलून निघतात.

हे दुरुस्त होते, पण क्रमाने आणि वेळ देऊन. खड्ड्यातला मुरूम आधी पूर्ण उपसायचा. मग त्याच मैदानाची माती १०-१० सेंटीमीटरच्या थरांनी भरायची, प्रत्येक थर जरा ओलवायचा आणि धुमसाने ठोकायचा. शेवटचा थर दोन-तीन सेंटीमीटर वर ठेवायचा, कारण दोन पाण्यांत तो बसतो. खिळ्यांसाठी लोहचुंबकाची दांडी आधी उभी, मग आडवी फिरवायची. एकाच दिशेने फिरवली तर निम्मे खिळे तसेच राहतात. माती दबली आहे का, हे बघायला यंत्र लागत नाही. वाफशावर असताना हाताच्या जोराने लोखंडी सळई १० सेंटीमीटर आत गेली पाहिजे. पाचावर अडली तर तिथे मुळे जाणार नाहीत. अशा जागी टोकदार पहारीने वीतभर अंतरावर भोके पाडायची आणि शेणखत मिसळलेली धुतलेली वाळू झाडून भोकांत उतरवायची. नुसत्या वाळूचा थर काळ्या मातीवर पसरू नये. पावसात वरचा थर सुटतो आणि खालचा चिखल वर येतो.

हिशेब असा. १०५ बाय ६८ मीटरचे मैदान म्हणजे ७,१४० चौरस मीटर. त्यावर अर्धा सेंटीमीटर थर द्यायचा तर साधारण साडेबारा ब्रास माल लागतो. रोज ५ मिलिमीटर पाणी द्यायचे तर ३५,७०० लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या साडेतीन खेपा. चार दिवस हिरव्या जाळीखाली आणि सतरंजीखाली भाजलेली हरळी वरून मेली तरी तिची खोडे जिवंत असतात. पाणी मिळाले तर सहा-आठ आठवड्यांत ती परत येते. एप्रिलमध्ये आमच्याकडे पिण्याला पाणी नसते, मैदानाला कुठून आणणार? म्हणून ती आखाजीला (अक्षय तृतीयेला) गेली की थेट मृगानंतर परतते, आणि तोवर शालेय स्पर्धांचे पत्र येऊन पडलेले असते.

गोलपोस्टांचे दुखणे याला जोडूनच आहे. व्यासपीठाला अडतात म्हणून खांब गॅस कटरने कापले जातात. पुन्हा उभे करताना वेल्डर बाहेरून बाहेर ७.३२ मीटर मोजतो. नियमातले माप आतून आतले आहे. चार इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा बाहेरचा व्यास ११.४ सेंटीमीटर धरला तर गोल जवळजवळ २३ सेंटीमीटरने अरुंद होतो. उंची २.४४ मीटर, तीही आडव्या दांडीच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत. यावर उपाय स्वस्त आहे. खांब कायमचे गाडू नका; काँक्रीटच्या ठोकळ्यात ६० सेंटीमीटर खोल बाही बसवा, म्हणजे खांब काढता-घालता येतील. खड्डा ९० सेंटीमीटरचा घ्या आणि तळाला १५ सेंटीमीटर मुरूम ठोका, नाही तर काळी माती फुगून ठोकळाच कलतो. आणि कृपा करून सुटे, न जखडलेले गोलपोस्ट कोणत्याही शाळेला देऊ नका. मुले दांडीला लोंबकळतात, पोस्ट पुढे कोसळतो. अशा अपघातांत जगभर मुलांचे जीव गेले आहेत.

विकासनिधीचेही तसेच. आचारसंहितेआधी घाईने गोलपोस्ट येऊन पडतात, पायाचे काम सुरू झालेले नसते, आणि आचारसंहितेत नवे काम सुरू करता येत नाही. तोवर पाइप गंजतो. कडेने पेव्हर ब्लॉकचा जॉगिंग ट्रॅक आणि ओपन जिम येते, ती अनेकदा रेषेला खेटून. रेषेबाहेर किमान तीन मीटर मोकळी, मऊ जागा सोडली नाही तर घसरत गेलेला मुलगा थेट सिमेंटच्या कडेवर आदळतो.

आता चषकांविषयी. आमदार चषक, नगरसेवक चषक, भाऊंचा वाढदिवस चषक. यातून गर्दी जमते, पोरांना उत्साह येतो, हे आम्ही नाकारत नाही. पण खेळ किती होतो? ३२ संघांच्या बाद फेरीत ३१ सामने होतात. त्यांतले १६ संघ एकच सामना खेळून घरी जातात, तोही बहुतेक वेळा २०-२० मिनिटांचा. म्हणजे धडगाव-अक्कलकुव्याहून जीपमध्ये दाटीवाटीने आलेल्या निम्म्या मुलांच्या वाट्याला ४० मिनिटे. तेवढेच मैदान ८ संघांच्या साखळीला दिले, जिथे प्रत्येक संघ बाकी सगळ्यांशी खेळतो, दर रविवारी चार सामने घेतले, तर एकेरी साखळी सात रविवारांत होते, दुहेरी चौदांत. सामने ५६, आणि प्रत्येक संघाला १४. मुलगा घडतो तो त्या चौदा सामन्यांत: हरल्यावर पुढच्या रविवारी काय बदलायचे ते शिकतो. बाद फेरीत त्याला पुढचा रविवारच नसतो.

चषकाचे आणखी एक नुकसान कागदावरचे आहे आणि ते पालकांना उशिरा कळते. मान्यता नसलेल्या स्पर्धेचे प्रमाणपत्र ना दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांना चालते, ना नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाला. पडताळणीत ते बाद होते. कपाटात पुरुषभर उंचीच्या ट्रॉफ्या आणि हातात उपयोगाचा एक कागद नाही, अशी कितीतरी मुले सातपुड्याच्या पायथ्याला आहेत. यात मुलांचा काय दोष?

जर्सीवर नेत्याचा फोटो छापायचा मोहही आवरायला हवा. फुटबॉलच्या नियमावलीतला चौथा नियम खेळाडूंच्या साहित्यावर राजकीय, धार्मिक किंवा वैयक्तिक घोषणा आणि चित्रे यांना मनाई करतो. पंचाने नियम पाळला तर तो संघ मान्यताप्राप्त सामन्यात त्या जर्सीत उतरू शकत नाही. साधी जर्सी आणि पाठीवर मोठा आकडा, एवढे दिले तर ती तीन वर्षे वापरात राहते. चेंडू वाटताना पंप, सुई आणि हवा मोजायचे मीटर द्या. हवा ८.५ ते १५.६ पौंड हवी. अंदाजाने भरलेला चेंडू उन्हात टणक होतो आणि लहान मुले हेडरला घाबरू लागतात. कोरडी सुई घातली की व्हॉल्व्ह फाटतो, थेंबभर ग्लिसरीन पुरते. १४ वर्षांखालच्या मुलांना चार नंबरचा चेंडू द्या, पाच नंबरचा नको. रेषांसाठी फक्कीच वापरा. कळीचा चुना स्वस्त पडतो म्हणून मारला जातो आणि तो डोळ्यात गेला तर डोळा भाजतो.

अंतिम सामन्याची वेळ पाहुण्यांच्या दौऱ्यावर ठरते. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जातो. वीस मिनिटे वॉर्मअप करून मुले रांगेत उभी राहतात, पाहुणे यायला तासभर लागतो, तोवर ताणलेले स्नायू पुन्हा आखडतात. पहिल्या दहा मिनिटांत मांडीचा स्नायू धरला की प्रेक्षक म्हणतात पोरगा कच्चा आहे. सत्कार आणि भाषणे सामन्यानंतर ठेवा. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेनऊनंतर आणि संध्याकाळी साडेपाचच्या आधी सामना नको, आणि दोन्ही अर्धात एकेकदा पाण्यासाठी खेळ थांबवाच.

हे सगळे गल्लीतले झाले. वरच्या मजल्यावर राजकारण शिरले की काय होते, ते २०२२ मध्ये देशाने पाहिले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीची मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली, निवडणूक झाली नाही, मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला प्रशासक समिती नेमावी लागली. बाहेरचा हस्तक्षेप म्हणून ऑगस्टच्या मध्यावर फिफाने, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाने, भारताला निलंबित केले. अकरा दिवसांनी, २६ ऑगस्टला, निलंबन उठले. पण आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचलेल्या गोकुलम केरळच्या मुली न खेळता परत आल्या. मुदत संपली तेव्हाच निवडणूक घेतली असती तर त्या खेळल्या असत्या. महासंघाला मते देतात राज्य संघटना, आणि राज्य संघटना उभी राहते जिल्ह्यांवर. म्हणून जिल्हा संघटनेची निवडणूक वेळेवर होते का, तिच्या कार्यकारिणीत खेळलेले, पंचगिरी केलेले लोक आहेत का, हा प्रश्न आम्हाला झ्युरिकमधल्या फिफाच्या कार्यालयापेक्षा जवळचा वाटतो. तिथे शासनाने माणसे बसवू नयेत. हिशेब आणि निवडणुकीची तारीख मात्र जरूर मागावी.

आमच्या मागण्या आपल्या अखत्यारीतल्या आहेत.

क्रीडा खात्याच्या मैदानावर सभा द्यायचीच असेल तर व्यासपीठ आणि मांडव रेषेबाहेर, वाहने मैदानाबाहेर, खांब खड्ड्यांऐवजी वाळूने भरलेल्या पिंपांत. आधी अनामत रक्कम आणि फोटोंसह पंचनामा, सभेनंतर तालुका क्रीडा अधिकारी व प्रशिक्षक यांच्या सहीशिवाय अनामत परत नाही. मैदान ओले असताना आणि १ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर या काळात फुटबॉलचे मैदान सभेला मुळीच नको. तेवढे अडीच महिने मुलांचे. प्रत्येक तालुक्यात एक पर्यायी सभास्थान जिल्हाधिकाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवावे. चषक घेणाऱ्याने जिल्हा संघटनेची मान्यता, नोंदणीकृत पंच आणि वयाचे पुरावे दाखवल्याशिवाय सरकारी मैदान मिळू नये, आणि बक्षिसाच्या निम्म्या रकमेएवढा वाटा त्या तालुक्याच्या साखळीला द्यावा. मैदानाच्या पाण्यासाठी सांडपाणी प्रक्रिया केंद्रातले पाणी राखून ठेवावे, म्हणजे टंचाईत कोणाच्या हंड्यावर गदा येणार नाही.

१५ सप्टेंबर २०१७ रोजी याच राज्याने एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम केला होता. यंत्रणेला मनावर घेतले की काय जमते, हे तेव्हा दिसले. आता तीच यंत्रणा चौदा रविवारांसाठी हवी आहे.

सुरुवात एका तालुक्यापासून करू. तीन जिल्ह्यांतले कोणतेही एक संकुल आपण निवडा आणि पाऊस थांबल्यावरची तारीख कळवा. टेप, दोरी, सळई आणि फक्की घेऊन आम्ही सकाळी सात वाजता मोजणीला हजर राहू.

आपले,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील फुटबॉल प्रशिक्षक, पंच आणि मैदान राखणारे