गवत कुठं वाकलंय बघ

सातारा,
रविवार, रात्री

चि. दादूस,
अनेक आशीर्वाद.

सकाळी तुझे चार फोन येऊन गेले, ते मी दुपारी दीडला बघितले. मग तू बाबांवर चिडलास, "तिला एकटीला कशाला जाऊ दिलंत?" एक तर मी एकटी नव्हते, भूगोलमावशी होती. आणि जाऊ देण्याबद्दल म्हणशील, तर बाबांना मी विचारलंच नव्हतं. फोनवर तू एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस, म्हणून लिहिते.

पावणेसहाला राजवाड्यावरून सायकलींवर कासच्या पठाराकडं निघालो. अंगात स्वेटर, त्यावर बाबांचा जुना फुल शर्ट, कानाला स्कार्फ. यवतेश्वरचा घाट मी तीनदा थांबून चढले, मावशी पाचदा. तिची सायकल तुला माहितीये, लोखंड नुसतं. वर पठारावर लागलो आणि माझी सायकल पळायलाच लागली. पेट्री कधी मागं पडलं कळलं नाही. डावीकडं खाली उरमोडीचं पाणी, पल्याड सज्जनगड, उजव्या अंगाला कण्हेरचं धरण, आणि डिसेंबरात चक्क घाम! तोंडावर झुळूकसुद्धा नव्हती. स्वेटर काढून कॅरिअरला बांधला. मला वाटलं, सहा महिने पहाटे अजिंक्यतारा चढतेय ते आता पायांत उतरलं. मावशी मागं राहिली तशी थांबून म्हटलं, "अगं, पाय हलव की जरा, पेन्शन आणायला निघालीयस का?"

ती एवढंच म्हणाली, "गवत कुठं वाकलंय बघ."

मी कशाला बघतेय.

ज्या पठारावर सप्टेंबरात गाड्यांची रांग लागते, 2012 साली जागतिक वारशात गेलं ते हेच, यावर आज कुणाचा विश्वास बसला नसता. वाळलेलं गवत, जांभ्याचा काळा कातळ, चिटपाखरू नाही. तळ्याकाठी दगडाच्या आडोशाला भाकरी आणि ठेचा खाल्ला. साताऱ्याला नळाला येतं त्यातलं हे पाणी, पण लाटा अशा उठत होत्या की समुद्रच जणू. सगळ्या आमच्याकडून पलीकडं, बामणोलीच्या बाजूला पळणाऱ्या. तेव्हा तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

परत फिरलो आणि वाऱ्यानं कानाखाली वाजवली.

खोटं नाही सांगत, सपाट रस्त्यावर पहिल्या गिअरवर आले. स्कार्फचं शीड झालं, डोळ्यांतून पाणी. एवढ्यात मावशी शेजारी आली आणि तिचा तास सुरू झाला. थंडीत उत्तरेकडची हवा गार होऊन जड होते, तिथला दाब वाढतो, मग वारं ईशान्येकडून, उगवतीकडून समुद्राकडं वाहतं. पावसाळ्यात नेमकं उलटं. चाळकेवाडीला सहलीला गेलो होतो, तेव्हा पवनचक्क्यांची डोकी वाऱ्याकडं वळतात हे तूच मला दाखवलं होतंस, आठवतं? पावसाळ्यात मावळतीला तोंड, हिवाळ्यात उगवतीला. "येताना आपण विसाच्या वेगानं आलो, वारंही विसानं त्याच दिशेला, म्हणून तुला ते लागलंच नाही," ती म्हणाली. "आता आपण दहानं चाललोय, समोरून वीस. तोंडावर किती?" तीस, मी म्हटलं. चौथीतल्या पोरीसारखं. वर हवेचा वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो म्हणे. तू इंजिनिअर, तुला हे ठाऊक असणार. मला पन्नाशी उलटल्यावर कासच्या रस्त्यावर कळलं.

मग ती पुढं झाली. "माझ्या मागच्या चाकापासून हातभर राहा, ब्रेक दाबायच्या आधी ओरडीन." ते लोखंड, ती रुंद पाठ आणि मागं मी. खरंच निम्मं ओझं उतरल्यासारखं झालं. दर दहा मिनिटांनी आळीपाळीनं पुढं व्हायचं ठरलं होतं. माझी पाळी आली की ती म्हणायची, "राहू दे, अजून पाच मिनिटं." मी दोनदा गेले पुढं. दोनदाच. सकाळचं ते पेन्शनचं वाक्य सारखं आठवत होतं, पण तिनं एकदाही काढलं नाही. काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

आता घाबरवणारी गोष्ट. लपवणार होते, पण बाबा सांगतीलच. एका वळणावर वारं उजवीकडून यायला लागलं, म्हणून सायकल उजवीकडं कललेली ठेवून चालले होते. तेवढ्यात उजव्या हातानं एक बस पुढं निघाली. तिच्या आडोशानं वारं एकदम थांबलं आणि मी कललेली ती तशीच बसकडं ओढली गेले. हातभर अंतर राहिलं असेल. बस गेली, वारं परत आदळलं, आणि मी डाव्या कडेच्या खडीत पाय टेकून उभी. मावशीनं सायकल आडवी टाकली, पळत आली आणि मला जी काही शिवी दिली, ती भूगोलाच्या बाईंना शोभणारी नव्हती.

घाटात तर उतारावर पायडल मारावं लागलं, विश्वास ठेव. वळणाच्या भिंतीआड वारं गप्प, भिंत संपली की धाडकन. तिथं आम्ही सरळ उतरून सायकली हातात धरून चाललो. पोवई नाक्यापर्यंत पोचायला एक वाजला. फोन पिशवीत तळाशी, डबा वर, कानात नुसतं वारं. ऐकू कसा येणार?

बाबांनी गुडघ्याला तेल चोळून दिलं आणि हसले बराच वेळ. तुझं रागावणं मला आवडलं, पण बाबांना उगाच बोललास, त्यांना एक फोन कर.

पुढच्या रविवारी जायचं ठरलंय. या वेळी पहाटे वाऱ्याकडं तोंड करून निघायचं, सज्जनगडाकडं नाही, माहुलीच्या अंगाला, म्हणजे दमल्यावर घरी येताना ते पाठीशी असेल. ही मावशीची अक्कल.

पुण्याहून येताना वाऱ्याची ती पातळ जाकिटं मिळतात, तसली दोन आण. माझं मीडियम. मावशीला मोठ्यातलं मोठं बघ.

तुझी,
आई