व्याधाचा सोबती मंद आहे, थंड नाही

प्रति,
संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतील लेखात व्याधाच्या (सिरियस, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा) सोबत्याचा, म्हणजे त्याच्याभोवती फिरणाऱ्या व्याध-ब या ताऱ्याचा, उल्लेख ‘थंड तारा’ असा झाला आहे. तो मंद दिसतो हे खरे, पण थंड मुळीच नाही. त्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे 25,000 केल्विन आहे. झगझगीत व्याधाचे 10,000 च्याही किंचित खाली. निळसर पांढरा रंग या उष्णतेमुळेच. त्याच्या पृष्ठभागाचा प्रत्येक चौरस मीटर व्याधाच्या साधारण चाळीसपट ऊर्जा बाहेर टाकतो.

मग मंद का? आकारामुळे. वस्तुमान सूर्याएवढे, पण त्रिज्या 5,900 किलोमीटरच्या आसपास, पृथ्वीहूनही थोडी कमी. एका घन सेंटिमीटरमध्ये सरासरी दोन टनांहून जास्त द्रव्य. आतले अणुसंमीलन केव्हाच थांबले आहे. गुरुत्वाकर्षणाला इलेक्ट्रॉनांचा दाब तोलून धरतो. शिवाय बरीचशी ऊर्जा अतिनील किरणांत जात असल्याने डोळ्यांना तो व्याधाच्या सुमारे दहा हजारपट मंद, 8.4 प्रतीचा दिसतो (प्रत म्हणजे तेजाचा आकडा; तो जितका मोठा, तितका तारा मंद). चंद्रा या अवकाशातल्या वेधशाळेच्या क्ष-किरण छायाचित्रात मात्र हा सोबतीच व्याधापेक्षा ठळक आहे.

खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी 1844 मध्ये व्याधाच्या डुलत्या चालीवरून त्याचे अस्तित्व ओळखले; 1862 मध्ये अल्व्हान ग्रॅहम क्लार्क यांना तो साडेअठरा इंची दुर्बिणीतून दिसला. व्याधाच्या झगमगाटाने अभ्यासकांनाही फसवले आहे. 1925 मध्ये मोजलेली सोबत्याची गुरुत्वीय ताम्रसृती (प्रबळ गुरुत्वाकर्षणामुळे प्रकाश लाल रंगाकडे सरकणे; ती वेगाच्या एककात सांगतात) सेकंदाला 21 किलोमीटर आली, कारण वर्णपटात व्याधाचा विखुरलेला प्रकाश मिसळला होता. खरा आकडा 80 च्या घरात आहे.

तो पाहायला हेच दशक उत्तम. 50 वर्षांच्या कक्षेत 1994 च्या सुमारास दोघे अगदी जवळ होते. आता अंतर 11 विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग) आसपास आहे आणि यापुढे ते घटत जाईल. पुण्यात व्याध मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) 55 अंश उंच असतो (लंडनला जेमतेम 22), फेब्रुवारीअखेर रात्री पावणेनऊच्या सुमारास. आठ इंची किंवा मोठी दुर्बीण घ्या, आरसा तासभर आधी बाहेर ठेवून थंड होऊ द्या, वर्धन 250 ते 300 पट ठेवा. आधी मृगातल्या राजन्य (रिगेल) ताऱ्याचा सोबती सुटा दिसतो का ते तपासा: अंतर साडेनऊ विकला, प्रत 6.8. तोही दिसत नसेल तर हवा अस्थिर आहे; त्या रात्री व्याधाचा नाद सोडा.

न्यूटोनियन (आरशाच्या) दुर्बिणीत दुय्यम आरसा धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांमुळे व्याधाभोवती चार किरण दिसतात. त्यातला एक पूर्व-ईशान्येला, नेमका सोबत्यावर पडत असेल तर नळी थोडी फिरवा. ट्रॅकिंग (ताऱ्यामागे दुर्बीण आपोआप फिरवणारी यंत्रणा) बंद करून व्याध दृश्यक्षेत्राच्या पश्चिम कडेआड जाऊ द्या. सोबती मागे पाऊण सेकंदही उरत नाही, म्हणून हे पुन्हापुन्हा करावे लागते. संधिप्रकाशात आभाळ उजळ असताना झगमगाट कमी जाणवतो, तेव्हाही पाहावे. आयपीसमधल्या परावर्तनाचा ठिपका हमखास चकवतो. व्याध दृश्यक्षेत्रात इकडेतिकडे हलवल्यावर ठिपक्याचे त्याच्यापासूनचे अंतर बदलले, तर तो तारा नव्हे.

तापमानाची दुरुस्ती कृपया छापावी, आणि फेब्रुवारीच्या आकाशदर्शन सदरात व्याध-बला जागा द्यावी.

आपला,
एक आकाशनिरीक्षक, पुणे