जुना ॲम्प्लिफायर थेट प्लगला लावू नका

महोदय,

श्रावण लागला की आमच्याकडे खानदेशात कानबाई देवीच्या उत्सवासाठी माळ्यावरचे जुने ॲम्प्लिफायर खाली उतरतात. धूळ झटकायची आणि थेट प्लग लावायचा! माझ्या दुकानात याच घाईत जळालेले सेट येतात, आणि जीव हळहळतो. तांब्याचे असे भरदार ट्रान्सफॉर्मर आता कुठे मिळतात?

जुना सेट जपून तपासायला महागडा व्हेरिॲक, म्हणजे व्होल्टेज हळूहळू वाढवायचे यंत्र, लागत नाही. लाकडी फळीवर एक होल्डर आणि एक सॉकेट बसवा. फेजच्या वायरीत ६० किंवा १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडा, म्हणजे सॉकेटचा करंट बल्बमधूनच जाईल. एलईडी चालत नाही. सेटचा प्लग या सॉकेटला लावून चालू करताच बल्ब क्षणभर लखलखून मंद झाला, तर ठीक. तसाच प्रखर राहिला तर आत शॉर्ट आहे, बहुधा डायोड किंवा आउटपुट ट्रान्झिस्टर. बल्ब करंट अडवतो म्हणून बाकीचे भाग वाचतात. मात्र शॉकपासून तो वाचवत नाही, हे पक्के ध्यानात ठेवा.

स्पीकर सगळ्यात शेवटी. आधी ॲम्प्लिफायरच्या स्पीकर जोडायच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने डीसी व्होल्ट मोजा. एक-दोन व्होल्ट जरी दिसले तरी स्पीकर जोडू नका. व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या जुन्या सेटमध्ये तर प्लग काढल्यावरही वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त दाब राहू शकतो. तो स्क्रू-ड्रायव्हरने नव्हे, रेझिस्टर लावून उतरवावा आणि मीटरने खात्री करावी. नवशिक्या पोरांनी व्हॉल्व्हचा सेट एकट्याने उघडूच नये.

आपल्या पुरवणीत या जोडणीची आकृती छापावी, ही विनंती.

– एक रेडिओ मेकॅनिक, अमळनेर