ताई, अहवालातल्या बाणांबद्दल आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

मासिक अहवालातले चढ-उताराचे बाण तुम्ही नीट लावून दिलेत, त्याबद्दल आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार. पत्र उघड लिहितोय, कारण तुमची पद्धत एक्सेलमध्ये तुलनेचे तक्ते करणाऱ्या कुणाच्याही कामी येईल.

सगळ्यांत मोलाची ठरली ती आयकॉन सेटची, म्हणजे आकड्यानुसार सेलमध्ये आपोआप चिन्ह दाखवणाऱ्या एक्सेलमधल्या तयार सोयीची उकल. तीन बाणांचा तयार संच लावला की एक्सेल रकान्यातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा घेतं आणि त्यांच्यातल्या अंतराच्या 33 व 67 टक्क्यांवर सीमा आखतं. शून्याचा तिथे संबंधच नसतो. बदल −12, −7, −3 आणि −1 असे असतील, म्हणजे चारही ठिकाणी घसरण असेल, तरी शेवटच्या दोन आकड्यांपुढे हिरवा, वर जाणारा बाण येतो. वाचणारा आकडा न बघता बाणच बघतो, म्हणून ही चूक फार महागात पडते. प्रकार ‘पर्सेंट’ऐवजी ‘नंबर’ करून सीमा शून्यावर आणता येतात. पण या संचांच्या अटींत सापेक्ष संदर्भ चालत नाहीत, त्यामुळे प्रत्येक ओळ तिच्याच मागच्या महिन्याशी ताडता येत नाही.

त्यावर तुम्ही डी रकान्यात दिलेलं सूत्र असं (बी मागचा महिना, सी चालू महिना):

=इफ(काउंट(बी2:सी2)<2,"",इफ(ॲब्स(सी2-बी2)<ॲब्स(बी2)*$एच$1,0,साइन(सी2-बी2)))

यात ॲब्स (ABS) आकड्याचं चिन्ह काढून टाकतं, तर साइन (SIGN) फरक धन, शून्य की ऋण ते 1, 0 किंवा −1 असं सांगतं. पण काउंट आम्हाला फार आवडलं. नुसतं ‘सी2 बी2पेक्षा मोठा असेल तर ▲’ असं लिहिलं, तर चालू महिन्याचा आकडा मजकूर म्हणून साठलेला असताना बाण वर जातो, कारण तुलनेत एक्सेल मजकुराला कुठल्याही संख्येपेक्षा मोठा धरतं. रिकामा सेल मात्र शून्य धरला जातो आणि न आलेली माहिती मोठी घसरण होऊन बसते. काउंट फक्त खऱ्या संख्या मोजतं, त्यामुळे दोन्ही वेळा जागा कोरी राहते. किती टक्क्यांपेक्षा लहान बदल स्थिर धरायचा ते एच1मध्ये लिहायचं; तिथे 1% ठेवलं की 4,812 वरून 4,815 वर गेलेला आकडा स्थिर दिसतो. भागाकाराऐवजी गुणाकार वापरल्यामुळे मागचा महिना शून्य असला तरी त्रुटी येत नाही.

सूत्रातून येतं ते 1, 0 किंवा −1. बाण येतो तो सेलच्या फॉरमॅटमधून: कंट्रोल आणि 1 दाबायचं, ‘कस्टम’ निवडायचं आणि ▲;▼;▬ लिहायचं. क्रम धन, ऋण, शून्य. आत संख्याच असल्यामुळे किती ओळी घसरल्या हे काउंटइफने, म्हणजे अट पाळणारे सेल मोजणाऱ्या सूत्राने, लगेच मोजता येतं. चिन्हं कळफलकावर नसली तरी युनिचार (क्रमांकावरून चिन्ह देणारं सूत्र) 9650, 9660 आणि 9644 या क्रमांकांवर ती देतं, तिथून कॉपी करायची. विंगडिंग्ज 3 फाँटमधले बाण टाळा, हे तुम्ही बजावलंत तेही बरोबर. फाँट नसलेल्या संगणकावर बाणांच्या जागी नुसती अक्षरं उरतात.

आणि रंग! तक्रारी वाढल्या तर बाण वरच जायला हवा, पण लाल. त्यासाठी ई रकान्यात वाढ चांगली असेल तर 1, वाईट असेल तर −1 ठेवायचा आणि कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये (अटीनुसार सेलला रंग देण्याची सोय) =$डी2*$ई2>0 ला हिरवा, <0 ला लाल. निवड दुसऱ्या ओळीपासून असताना सूत्रात तिसरी ओळ पडली, तर सगळे रंग एका ओळीने सरकतात. आमच्या जुन्या फाइलमधला तो घोळ तुम्हीच शोधलात.

अहवाल काळ्या-पांढऱ्यात छापला तरी दिशा बाणावरून कळते. लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्या वाचकांचीही त्यामुळे सोय झाली. त्यांच्याकडूनही तुमचे आभार.

आपले,
अहवाल विभागातले सहकारी