काकू, तुम्ही "नाव घे" म्हणालात म्हणून

प्रिय काकू,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला गेले की तुम्ही "बरं बरं, जेवलात का दोघी" म्हणून विषय बदलता, म्हणून लिहूनच काढतेय. आणि सगळ्यांसमोर लिहितेय, कारण ज्यांनी तेव्हा पाठ फिरवली त्यांनीही हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

न्यू जर्सीत लग्नाच्या लायसन्सचा अर्ज करताना एक साक्षीदार लागतो. 18 वर्षांच्या वरचं कुणीही चालतं. आम्हा दोघी बायकांच्या लग्नाला एवढ्याशा गोष्टीसाठी मला माणूस मिळेना! जिच्या दोन्ही बाळंतपणांत मी डबे पोचवले तिने आदल्या रात्री मेसेज टाकला, "आमच्या धर्मात बसत नाही गं हे, समजून घे." मंडळातले एक दादा, ज्यांच्या मुलीला मी गणिताला बसवायचे, ते म्हणाले लोक काय म्हणतील.

गुरुजींवर माझा राग नाही, हे मुद्दाम सांगते. ते म्हणाले मला हा विधी करता येणार नाही. माझ्या बायकोच्या घरच्या चर्चमधल्या फादरनीही तेच सांगितलं. तो त्यांचा हक्क आहे, आणि तो राहायलाच हवा. 2022 च्या डिसेंबरमध्ये बायडन यांनी आमच्यासारख्या लग्नांना संरक्षण देणाऱ्या ज्या कायद्यावर सही केली त्यातसुद्धा स्पष्ट लिहिलंय की धार्मिक संस्थांवर असं लग्न लावायची सक्ती नाही. पण नगरपालिकेच्या कागदावर सही करणं म्हणजे काही होम नव्हे ना! तिथे मंत्र नाहीत, बायबल नाही, असलाच तर स्टॅम्प आणि एक पेन. त्या पेनला हात लावताना ज्यांना धर्म आठवला त्यांना तो आमच्याकडून डबे घेताना नाही आठवला, हे मला अजून खुपतं.

तुम्हाला विचारायचं धाडसच झालं नव्हतं. रोज पोथी वाचणाऱ्या, संकष्टी न मोडणाऱ्या, देव्हाऱ्यातली फुलं स्वतः निवडून वाहणाऱ्या तुम्ही. जिन्यात तुम्हीच गाठलंत, चेहरा का उतरलाय विचारलंत, आणि मी रडत रडत काय सांगितलं मलाच धड आठवत नाही पण तुम्ही एकच विचारलंत, "उद्या किती वाजता निघायचं?"

गाडीत मी तुम्हाला केंटकीतल्या किम डेव्हिसची गोष्ट सांगितली. 26 जून 2015 ला इथल्या सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 असा निकाल दिला, देशभर अशी लग्नं कायदेशीर झाली, आणि रोवन काउंटीच्या या क्लार्कबाईंनी लायसन्स देणंच बंद केलं, कुणाच्या अधिकाराने असं विचारल्यावर देवाच्या अधिकाराने म्हणाल्या, पुढे कोर्टाच्या अवमानासाठी काही दिवस तुरुंगातही गेल्या. तुम्ही नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर नोकरी केलेल्या. तुम्ही म्हणालात, "खिडकीवर बसलं की समोर दाखला मागणारा माणूस असतो गं. त्याची जात कुठली, देव कुठला, हे बघून मी कधी शिक्का मारला नाही. माझा गणपती घरी होता, संध्याकाळी भेटायचाच."

काकू, इथल्या घटनेत 1791 पासून लिहून ठेवलंय की सरकारने कुठल्या धर्माची स्थापना करायची नाही आणि कुणाला आपला धर्म पाळण्यापासून अडवायचंही नाही. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आहेत, आणि लोक आपल्या सोयीचा अर्धा भाग तेवढा लक्षात ठेवतात. तुमच्या बोलण्यात दोन्ही अर्धे होते.

याच राज्यात 21 ऑक्टोबर 2013 च्या मध्यरात्री ही लग्नं सुरू झाली. न्यूअर्कच्या सिटी हॉलमध्ये तेव्हाचे मेयर कोरी बुकर स्वतः लग्नं लावत होते. सगळ्यांना हक्क मिळेपर्यंत मी कुणाचंच लग्न लावणार नाही असं त्यांनी ठरवलं होतं म्हणे. कुणाची हरकत आहे का असं विचारल्यावर एक माणूस देवाचं नाव घेऊन ओरडला. त्याला बाहेर नेलं आणि लग्न पुढे चालू राहिलं. त्याला त्याचा देव ठेवायची पूर्ण मुभा होती, फक्त दुसऱ्याचं लग्न थांबवायची नव्हती. मुंबईला उतरलो की मात्र आमचं नातं कागदावर शून्य. 17 ऑक्टोबर 2023 ला आपल्या सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला आणि विषय संसदेकडे ढकलला. त्या दिवशी मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले होते.

पण काकू, सही राहू दे बाजूला. त्यानंतर तुम्ही जे केलंत ते त्याहून मोठं होतं.

चैत्रातलं तुमचं हळदीकुंकू. गौर झोपाळ्यात बसवलेली, पन्ह्याचे ग्लास, कैरीची डाळ, आणि मंडळातल्या सगळ्या बायका, वर लिहिलेली मैत्रीणसुद्धा. तुम्ही मला पाटावर बसवलंत आणि माझ्या बायकोलाही शेजारी बसवलंत. दोघींना कुंकू लावलंत, दोघींची ओटी भरलीत. तिला पदर नव्हता, ड्रेस होता, तर तुम्ही तुमचीच ओढणी तिच्या मांडीवर पसरलीत, नारळ नीट मधोमध ठेवलात, तांदूळ सांडू नयेत म्हणून ओढणीची टोकं तिच्या हातात दिलीत. मग माझ्याकडे वळून, कुठल्याही नव्या नवरीला म्हणावं तशा सहज म्हणालात, "आता नाव घे बघू."

खोलीत कुणी बोलेना. मला उखाणा सुचत नव्हता, घसा दाटून आला होता, मी कसंबसं दोन ओळी जुळवून तिचं नाव घेतलं आणि तुम्ही "वा!" म्हणून टाळी वाजवलीत. मग दोघी-तिघींनी वाजवल्या, मग बऱ्याच जणींनी. तिला एक अक्षर कळलं नव्हतं पण स्वतःचं नाव ऐकून ती माझ्याकडे बघत राहिली.

सरकार मला हक्क देऊ शकतं, पण "नाव घे" नाही म्हणू शकत, आणि सरकारने ते म्हणूही नये. ते तुमच्या घरचं, तुमच्या गौरीपुढचं, तुमच्या मनाने दिलेलं होतं, म्हणूनच ते माझ्या मनाला इतकं भिडलं. चांगुलपणा असाच असतो बहुतेक, कुणी मागत नाही आणि करणाऱ्याला त्यात विशेष काही वाटतही नाही. तुम्ही तर पुढच्या मिनिटाला डाळीत मीठ कमी झालंय का ते विचारत होतात.

आता एक काम अजून सांगते, हक्काने. आई ऑगस्टमध्ये येतेय. आमच्या लग्नाबद्दल ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. मी तिला तुमच्याकडे चहाला घेऊन येईन, तुम्ही तिच्याशी बोला. समजावू नका, फक्त तुम्ही साक्षीदार होतात एवढं तिला तुमच्या तोंडून कळू दे.

तुमची,
वरच्या मजल्यावरची लेक