छोट्या शहरांतील रेडिओ केंद्रांची विक्री

संपादक महोदय,

खासगी रेडिओ कंपन्या छोट्या शहरांतील केंद्रे विकून महानगरांकडे लक्ष वळवत आहेत; ते त्यांच्या हिशेबात बसत असेलही. परंतु मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणाऱ्या सोलापुरात यंत्रमागाशेजारी ऐकला जाणारा रेडिओ (त्या खडखडाटात तो ऐकू येतो, हेच नवल) नव्या मालकाला मुंबईत बसून चालवता येईल, असे मानणे भाबडेपणाचे आहे. सोलापुरातील सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत कोणता रस्ता बंद आहे, हे मुंबईतील निवेदकाला कसे कळणार? केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये २३४ नव्या शहरांतील ७३० खासगी एफएम रेडिओ वाहिन्यांच्या लिलावास मंजुरी देताना मातृभाषेतील स्थानिक कार्यक्रमांचाच हेतू सांगितला होता. तेव्हा विकल्या जाणाऱ्या केंद्रांच्या नव्या मालकांवर माहिती व प्रसारण मंत्रालयाने रोज काही तास स्थानिक निर्मितीची अट घालावी.

– एक श्रोता, सोलापूर